वेधशाळेतील बाई आणि थुंब्याचे रॉकेट

अंतराळविज्ञान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ज्वाळांचा लोळ सोडीत वर झेपावणारे रॉकेट उभे राहते, आणि पाठोपाठ डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे नाव ओठांवर येते. ते योग्यच आहे. रामेश्वरमच्या एका साध्या घरातील हा मुलगा देशाचा राष्ट्रपती झाला, याचा अभिमान कोणाला वाटणार नाही? परंतु १९६३ साली केरळातील थुंबा या कोळ्यांच्या गावी तरुण कलाम रॉकेटच्या जुळणीत गुंतले होते, त्याच सुमारास त्याच किनाऱ्यावर हवामानाची उपकरणे आणि त्यांचा मनोरा उभा करण्याची जबाबदारी एका बाईंवर होती. त्या बाई लंडनला शिकून आल्या होत्या आणि त्यांची कारकीर्द घडली होती ती आपल्या पुण्याच्या वेधशाळेत. ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

आपले वडसा म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांचे माहेरघर. रात्रभर नाटक पाहून परतताना आपण नटाचे नाव घेतो. पडदा कोणी बांधला आणि दिव्यांची सोय कोणी पाहिली, हे विचारीत नाही. विज्ञानाच्या इतिहासातही असेच घडते, आणि पडद्यामागचे माणूस बाई असेल तर जरा जास्तच घडते.

या बाईंचे नाव अन्ना मणी. मराठी वाचकाला हे नाव ऐकून कोणी ‘अण्णा’ नावाचे वयस्कर गृहस्थ असावेत असे वाटण्याचा संभव आहे, म्हणून मुद्दाम सांगितले. त्यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे एका सुखवस्तू सीरियन ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील स्थापत्य अभियंता होते, वेलदोड्याचे मळे बाळगून होते. आठ भावंडांत अन्ना सातव्या. घरी पुस्तकांना तोटा नव्हता, पण रीत अशी होती की मुलांनी शिकून मोठ्या हुद्द्यावर जावे आणि मुलींना लग्नासाठी तयार करावे. सुखवस्तू घर म्हणून मुलीला वेगळा न्याय मिळत असे, असे समजण्याचे कारण नाही. आठव्या वाढदिवसाला मुलीला हिऱ्याच्या कुड्या देण्याचा त्या घराचा प्रघात होता. अन्नांनी कुड्या नाकारल्या आणि त्याऐवजी ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’ हा ज्ञानकोश मागून घेतला. गंमत अशी की पुढे हिऱ्यांनी त्यांची पाठ सोडली नाही. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९३९ साली पदवी घेऊन त्या १९४० मध्ये बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली दाखल झाल्या, आणि तेथे त्यांना संशोधनासाठी विषय मिळाला तो हिरे आणि माणके यांच्या प्रकाशाचा!

येथे थोडे थांबून एका मराठी बाईंचा उल्लेख केलाच पाहिजे, कारण ज्या दारातून अन्ना आत गेल्या ते दार त्यांच्या आधी सात वर्षे दुसऱ्याच एका मुलीने ठोठावले होते. तिचे नाव कमला भागवत. सुप्रसिद्ध लेखिका दुर्गाबाई भागवत यांच्या या भगिनी, म्हणजेच पुढे नावाजलेल्या डॉ. कमला सोहोनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. होऊन त्यांनी याच संस्थेत अर्ज केला. वडील आणि काका दोघेही त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. तरीही रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी गांधीजींच्या काळाला शोभेल असाच मार्ग धरला: नकाराचे कारण द्या, नाहीतर मी येथून हलणार नाही! अखेर अटी घालून प्रवेश मिळाला. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही, मार्गदर्शक म्हणतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करायचे, आणि संस्थेचे ‘वातावरण बिघडवायचे नाही’. वर्षभर त्यांचे काम पाहिल्यावर रामन यांचे मत पालटले आणि मुलींसाठी दार उघडले. कमलाबाई पुढे केंब्रिजला गेल्या, १९३९ साली तेथील डॉक्टरेट घेऊन परतल्या आणि मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालिका झाल्या. त्यांचा विषय जीवरसायन, अंतराळ नव्हे. परंतु एका मुलीने घातलेला हट्ट दुसऱ्या प्रांतातील, दुसऱ्या धर्माच्या, कधी न भेटलेल्या मुलीच्या किती कामी येतो, हे पाहण्याजोगे आहे.

दार उघडले तरी आत सारे सरळ होते असे नाही. रामन यांच्या प्रयोगशाळेत मुला-मुलींनी आपसांत मोकळेपणी चर्चा करणे खपत नसे. बाईच्या हातून बारीकशी चूक झाली तरी तिचा संबंध लगेच बाईपणाशी जोडला जाई. हिऱ्याच्या मंद प्रकाशाचे छायाचित्र घेण्यासाठी पंधरा-पंधरा, वीस-वीस तास काच उघडी ठेवावी लागे, तेव्हा अन्ना प्रयोगशाळेतच झोपत. १९४२ ते १९४५ या काळात त्यांनी एकटीच्या नावावर पाच शोधनिबंध प्रसिद्ध केले आणि प्रबंध मद्रास विद्यापीठाकडे पाठविला. विद्यापीठाने उत्तर दिले की तुमच्याजवळ एम.एस्सी. ची पदवी नाही, सबब डॉक्टरेट देता येत नाही. तो पूर्ण झालेला प्रबंध रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात इतरांच्या प्रबंधांच्या रांगेत बांधून ठेवला गेला. फरक इतकाच की इतरांना पदवी मिळाली आणि अन्नांना जन्मभर मिळाली नाही. नियम हा नियम असतो, हे मान्य. पण त्या नियमाची जागा पुढे कोणाच्या कामाने भरून निघाली, ते आता पाहू.

१९४५ साली सरकारी शिष्यवृत्ती मिळवून त्या सैनिकांची ने-आण करणाऱ्या जहाजातून इंग्लंडला गेल्या. मनात होते पदार्थविज्ञान, परंतु लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये जी संधी उपलब्ध होती ती हवामानाच्या उपकरणांची. अन्नांनी ती पत्करली. मनासारखा विषय मिळाला नाही म्हणून शिक्षण सोडून देणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे लक्षात घेण्यासारखे आहे, कारण नाइलाजाने घेतलेला हाच विषय त्यांना थेट रॉकेटपर्यंत घेऊन गेला.

१९४८ मध्ये स्वतंत्र भारतात परतून त्या भारतीय हवामान खात्यात रुजू झाल्या. जागा होती पुणे. शिवाजीनगरच्या बाजूला वेधशाळेची जी दगडी, मनोऱ्याची इमारत आहे तिला पुणेकर अजूनही ‘शिमला ऑफिस’ म्हणतात, कारण १९२८ साली खात्याचे मुख्यालय सिमल्याहून तेथे आणले गेले. पुण्यातील उपकरण विभागात एस. पी. वेंकटेश्वरन यांच्या हाताखाली अन्नांनी कामास सुरुवात केली. त्या वेळी साधी साधी उपकरणेसुद्धा ब्रिटनहून येत. एक काच फुटली की बोटीची वाट पाहायची! ही परावलंबी स्थिती मोडण्याचे काम वेंकटेश्वरन आणि अन्ना यांनी हाती घेतले. सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे तयार करून ते प्रमाणित करण्यात आले आणि पुण्याच्या कार्यशाळेत त्यांचे उत्पादन सुरू झाले. १९५३ च्या सुमारास या विभागाची सूत्रे अन्नांकडे आली. शंभरावर पुरुष कर्मचारी, आणि त्यांची प्रमुख पस्तिशीची, खादी नेसणारी एक बाई! त्या काळच्या सरकारी कचेरीचे चित्र डोळ्यांपुढे आणा, म्हणजे याचे मोल कळेल.

उपकरण बनविणे ही गोष्ट काय आहे, हे आपल्या धानपट्ट्यातील माणसाला समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. तालुक्याच्या गावी पर्जन्यमापक असतो आणि रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाणी मोजले जाते. एक मिलिमीटर पाऊस म्हटले की आपण सहज ‘शिंतोडे पडले’ म्हणतो. पण एका एकरावर एक मिलिमीटर म्हणजे चार हजार लिटरहून अधिक पाणी. मापकाचे तोंड थोडे वाकडे झाले, किंवा काचेवरील खुणा एका रेषेने चुकल्या, की कागदावर दुष्काळ असतो आणि बांधीत पाणी, नाहीतर नेमके उलटे. वैनगंगेचा २०२० सालचा पूर ज्यांनी पाहिला त्यांना वरच्या भागात किती पाऊस झाला आणि धरणातून किती पाणी सुटले याच्या आकड्यांची किंमत वेगळी सांगायला नको. चुकीचे माप असण्यापेक्षा माप नसलेले बरे, हा अन्नांचा बाणा होता, आणि त्यापायी त्या सहकाऱ्यांना कडक वाटत.

आता आकाशाकडे वळू. १९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष म्हणून जगभर पाळले गेले. याच वर्षात, ४ ऑक्टोबर १९५७ रोजी, रशियाने ‘स्पुटनिक’ हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि साऱ्या जगाने माना वर केल्या. त्याच वर्षी अन्ना मणी देशभर सूर्याची उष्णता मोजणारी केंद्रे उभारीत होत्या. एका बातमीने वर्तमानपत्रांची पहिली पाने भरली, दुसरीची कोणी दखलही घेतली नाही. पृथ्वीवर सूर्याची किती ऊर्जा येते आणि किती परत जाते, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच महत्त्वाचा होता.

पुढे त्यांनी ओझोनकडे लक्ष वळविले. जमिनीपासून साधारणतः वीस-पंचवीस किलोमीटर उंचीवर ओझोन वायूचा दाट थर असतो, आणि तो सूर्याच्या घातक अतिनील किरणांना अडवितो. तो मोजण्यासाठी फुग्याला बांधून वर सोडायचे एक हलके उपकरण लागते. ते भारतातच तयार करण्याचे काम १९६० नंतरच्या दशकात अन्नांच्या नेतृत्वाखाली पार पडले. ज्यांच्याजवळ स्वतःचे असे उपकरण आहे, अशा मोजक्या देशांत भारताची गणना होऊ लागली. जगात ओझोनच्या ऱ्हासाची ओरड सुरू झाली ती पुढच्या काळात. तोवर आपल्याकडे मोजमापे जमा झालेली होती.

आणि मग थुंबा. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त थुंब्याजवळून जाते. त्या रेषेच्या वर, सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर, वातावरणात विद्युत्प्रवाहाचा एक पट्टा वाहतो. तो अभ्यासायला याहून सोयीची जागा नव्हती. डॉ. विक्रम साराभाईंनी ती निवडली, सेंट मेरी मॅग्डालेन या चर्चची इमारत बिशपांनी आणि गावकऱ्यांनी विज्ञानासाठी सोडून दिली, आणि तेथे कचेरी सुरू झाली. एका हिंदुस्थानी जैन शास्त्रज्ञाने मागणी करावी, ख्रिस्ती गावकऱ्यांनी आपले प्रार्थनास्थळ द्यावे आणि तेथे एका मुसलमान तरुणाने रॉकेट जोडावे, हे या देशातच घडू शकते. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी संध्याकाळी पहिले रॉकेट उडाले. रॉकेट ‘नायके-अपाचे’ हे अमेरिकेचे, त्यातील सोडियमच्या वाफेचा प्रयोग फ्रान्सचा, सुरक्षिततेसाठी घिरट्या घालणारे हेलिकॉप्टर रशियाचे. सुमारे दोनशे किलोमीटर उंचीवर नारिंगी ढग पसरला आणि त्याच्या सरकण्यावरून तेथील वाऱ्यांचा वेग काढण्यात आला.

यात हवामानाच्या मनोऱ्याचे काय काम, असे आपण विचाराल. ही रॉकेटे आजच्या मोठ्या यानांसारखी वाटेत दिशा बदलणारी नव्हती. एकदा सुटले की सुटले. सुटताना पहिल्या काही क्षणांत वेग कमी असतो आणि तेव्हा जमिनीलगतचा वारा त्याचे नाक आपल्याकडे वळवितो. म्हणून वेगवेगळ्या उंचीवर वारा किती आणि कोठून आहे हे मोजून, त्या हिशेबाने मांडणीचा कोन ठरवावा लागतो. हिशेब चुकला तर समुद्रात पडायचे ते वस्तीवर पडायचे. साराभाईंच्या विनंतीवरून अन्ना मणींनी थुंब्याला जी वेधशाळा आणि उपकरणांचा मनोरा उभारला त्याचे महत्त्व हे असे होते. २ फेब्रुवारी १९६८ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींनी हे केंद्र संयुक्त राष्ट्रांना अर्पण केले. पुढे कित्येक वर्षे तेथून हवामानाची रशियन रॉकेटे नियमाने उडत राहिली.

अन्ना मणी १९७६ साली हवामान खात्याच्या उपमहासंचालिका म्हणून निवृत्त झाल्या. जागतिक हवामान संघटनेच्या कामात आणि आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगावर त्यांनी देशाचे नाव राखले होते. निवृत्तीनंतर १९८० आणि १९८१ मध्ये भारतातील सौर प्रारणाविषयीचे त्यांचे दोन ग्रंथ निघाले. आज छपरावर सौरपट्ट्या बसविणाऱ्या अभियंत्यांच्या विद्येचा पाया त्या आकड्यांत आहे. पवनऊर्जेसाठी देशभर वारा मोजण्याचे कामही त्यांनी केले आणि बंगलोरला उपकरणांचा छोटा कारखाना काढला. त्यांनी लग्न केले नाही. (कमलाबाई सोहोनींनी केले आणि दोन मुलगे वाढविले. तेव्हा शिकलेल्या मुलीचे अमुकच होते, असे कोणी सांगू लागल्यास ऐकून सोडून द्यावे.) १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुअनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले.

त्याच पिढीतील विभा चौधुरी यांचे नाव मुंबईशी जोडलेले आहे. दार्जिलिंगच्या उंचीवर फोटोच्या काचा ठेवून त्यांनी अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचा माग काढला, मँचेस्टरला पी. एम. एस. ब्लॅकेट यांच्याकडे डॉक्टरेट केली आणि १९४९ मध्ये डॉ. होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घेतले. त्या संस्थेतील त्या पहिल्या महिला संशोधक. २०१९ साली आकाशातील एका ताऱ्याला ‘विभा’ हे नाव मिळाले. मात्र तोवर त्यांना जाऊन अठ्ठावीस वर्षे लोटली होती.

आता आपल्या समाजातील मुलींना जवळच्या वाटतील अशा काही जणींविषयी. नगीन कॉक्स यांचा जन्म बंगलोरचा, बालपण अमेरिकेतील कॅन्सस सिटी आणि मलेशियातील क्वालालंपूर येथे, मुस्लीम घरात गेले. चौदाव्या वर्षीच त्यांनी अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेत काम करण्याचे मनाशी ठरविले होते. कॉर्नेल विद्यापीठ, मग अमेरिकेच्या हवाई दलातील नोकरी, आणि १९९३ मध्ये ती प्रयोगशाळा. गुरूकडे गेलेले ‘गॅलिलिओ’ आणि मंगळावरील बग्ग्या यांच्या कामात त्या होत्या. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे चाळीस मिनिटांनी मोठा आहे. बग्गी तेथल्या सूर्याबरोबर उठते आणि निजते, म्हणून तिच्याबरोबर काम करणाऱ्यांची पाळी रोज चाळीस मिनिटे पुढे सरकते. आज सकाळी आठला, तर पंधरा-सोळा दिवसांनी संध्याकाळी सहाच्या पुढे! रमजानच्या महिन्यात सेहरी आणि इफ्तारच्या वेळा सांभाळून घर चालविणाऱ्या आपल्या भगिनींना घड्याळाशी अशी तडजोड करणे म्हणजे काय ते चांगले कळेल.

इराणमधील मशहद येथे जन्मलेल्या अनुशे अन्सारी कुमारवयात इंग्रजी न येता अमेरिकेत गेल्या, विद्युत अभियांत्रिकी शिकल्या, उद्योग उभारला आणि सप्टेंबर २००६ मध्ये स्वतःच्या खर्चाने अंतराळ स्थानकावर जाऊन आल्या. सौदी अरेबियाच्या रय्याना बरनावी यांनी न्यूझीलंडमध्ये शिक्षण घेतले, कर्करोगाच्या पेशींवर संशोधन केले आणि मे २०२३ मध्ये त्या अंतराळात गेल्या. आणि परदेशच कशाला? उत्तर प्रदेशातील अमरोह्यासारख्या लहान गावच्या खुशबू मिर्झा अलिगढ मुस्लीम विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्स शिकून इस्रोमध्ये गेल्या आणि २००८ च्या चांद्रयान-१ च्या चाचण्या करणाऱ्या चमूत होत्या.

या विषयावर बोलताना जुन्या इतिहासातील एक नाव हल्ली फार घेतले जाते, तेव्हा त्याबद्दलही नीट सांगितले पाहिजे. दहाव्या शतकात इब्न अल-नदीम याने बगदादमध्ये ‘फिहरिस्त’ नावाची ग्रंथसूची केली. तीत अस्तरलाब, म्हणजे तारे व सूर्य यांच्या उंचीवरून वेळ आणि दिशा काढण्याचे पितळी यंत्र, बनविणाऱ्या कारागिरांची यादी आहे. त्या यादीत अल-इजली या कारागिराच्या मुलीचा उल्लेख आहे आणि ती हलबचा, म्हणजे अलेप्पोचा, अमीर सैफ अल-दौला याच्या पदरी होती, असे लिहिले आहे. तिचे नाव ‘मरियम’ होते आणि तिने अमुक-तमुक शोध लावले, असे जे सांगितले जाते त्याला त्या ग्रंथात आधार नाही. फुगवून सांगण्याची गरजच काय? हजार वर्षांपूर्वी एका कारागिराच्या मुलीने हे हुन्नर आत्मसात केले आणि दरबाराने तिला पदरी ठेवले, एवढी एक ओळसुद्धा पुरेशी बोलकी आहे.

पालकांच्या मनातील खरी अडचण निराळी असते. मुलगी हुशार आहे हे दिसते, पण दहावीनंतर ब्रह्मपुरी, बारावीनंतर नागपूर, आणि त्यापुढे कोठे? राहील कोठे? सोबत कोण? ही काळजी खोटी नाही आणि तिची थट्टाही करू नये. परंतु अन्नांच्या आणि कमलाबाईंच्या घरच्यांपुढेही ती होतीच, आणि तेव्हा ना टेलिफोन होता हाताशी, ना परदेशाहून महिन्याच्या आत पत्राची खात्री.

म्हणून थोडी उपयोगाची माहिती देतो. तिरुअनंतपुरमजवळ वलियामला येथे २००७ साली अंतराळ विभागाने भारतीय अंतराळ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था काढली आहे. बारावीला पदार्थविज्ञान, रसायन आणि गणित हे विषय लागतात, आणि प्रवेश जेईई अॅडव्हान्स्ड परीक्षेतील क्रमांकावरून मिळतो. मुलींचे वसतिगृह आवारातच आहे. तेव्हा अकरावीला विषय निवडताना ‘मुलीला गणित कशाला’ म्हणून ते गाळू नका. एवढा एक विषय गाळला की ही वाट तेथेच बंद होते. थुंब्याचे ते चर्च आता अंतराळ संग्रहालय झाले आहे आणि ते पाहता येते. आपल्या वडसा स्टेशनावरून बल्लारशा गाठावे. तेथून केरळ एक्सप्रेस थेट तिरुअनंतपुरमला जाते.